चौदा नंबरची फळी

गरिबातल्या गरीब माणसाला प्रवासात आडवे होण्याचा हक्क मिळाला, ही स्वतंत्र भारताच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्याजोगी घटना आहे.

हे वाक्य माझे नाही. परभणी स्टेशनच्या फलाटावर, पार्सल ऑफिसातल्या टेबलावर चादर अंथरून केलेल्या व्यासपीठावरून एका पुढाऱ्याने ते म्हटले होते. तिसऱ्या वर्गाला झोपायचा डबा पहिल्यांदा लागला, त्या दिवशीची ही गोष्ट. परभणी नुकतीच मुंबई राज्यात गेली होती आणि नव्या राज्यातल्या कुठल्याही नव्या वस्तूला हार घातल्याशिवाय ती चालत नसे. डब्याला झेंडूची तोरणे बांधली होती. छायाचित्रकाराने विनंती केली म्हणून पुढारी डब्यात चढून एका फळीवर बुटांसकट आडवे झाले, डोळे मिटले, आणि फोटो निघाल्यावर उठून धोतर झटकत खाली आले. समारंभापायी गाडी पाऊण तास थांबून राहिली. आतले प्रवासी घामाने भिजत होते, पण इतिहास बाहेर घडत असल्यामुळे त्यांना उतरता येत नव्हते. पुढारी नंतर त्याच गाडीने गेले. पहिल्या वर्गातून.

मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. कारण त्या फळ्या विकणार मी होतो.

संपादकांनी ‘रेल्वेतल्या नोकरीचे गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. गमतीदार बरेच आहेत. त्यातले दोन-तीन सांगतो, आणि मग जो सांगायचा आहे तो सांगतो.

बुकिंगच्या खिडकीतला माणूस तिकिटे विकतो, असा लोकांचा समज असतो. छापील तिकीट काढून, यंत्रात दाबून, तारीख उठवून देणे याला डोके लागत नाही. खरे काम लांबच्या तिकिटाचे. त्यासाठी माझ्याजवळ भाड्याचे एक जाडजूड पुस्तक आणि नियमांची दोन पुस्तके होती. दर महिन्याला वरून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत. त्या खळीने जागच्या जागी चिकटवायच्या. काही वर्षांनी पुस्तक फुगून उशीएवढे झाले. इतर कारकून त्याला हात लावायला कंटाळत. मी ते रिकाम्या वेळात वाचत असे. घरी इतिहास, प्रवासवर्णने, नाटके वाचायचो. पण त्यांतल्या कुठल्याही लेखकाने अपवादाला अपवाद आणि त्यालाही तळटीप असे काही लिहिलेले नव्हते.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. रेल्वेचे भाडे मैलावर असते, पण प्रत्येक मैलाचा भाव सारखा नसतो. प्रवास जितका लांब, तितके पुढचे मैल स्वस्त. परभणीहून मिरजेला जायचे तर मनमाड आणि पुणे अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे. अडाणी माणूस मनमाडपर्यंत एक तिकीट काढी, तिथे दुसरे, पुण्याला तिसरे. म्हणजे तिन्ही वेळा पहिल्या, महागड्या मैलापासून सुरुवात. सलग एकच तिकीट काढले तर बरेच पैसे वाचत. त्यात कुठली फळी कुठल्या रात्रीपुरती घ्यायची, कुठल्या गाडीने गेले तर तिची गरजच पडत नाही, कुणाला कसली सवलत लागू होते, हे सगळे जुळवणे म्हणजे माझे काम. कुणी ते माझ्यावर सोपवले नव्हते. खिडकीवर येणाऱ्या माणसाने भाड्यात नाहक एक आणाही जास्त देऊ नये, असा मी माझ्यापुरता पण केला होता आणि त्याचा मला ताठा होता.

लोकांना भाडे ठरलेले असते हेच पटत नसे. ताडकळसचा एक शेतकरी बाजारातून येऊन मला म्हणाला, “मास्तर, मी फळीच्या कडंला पडतो. आर्ध्यात करा.”

मी म्हणालो, “फळी अर्धी विकत नाहीत.”

“आवो, बाकीची कुनाला बी द्या की. माझं काय म्हननं न्हाई.”

मानवतचे एक कापसाचे अडते आईला घेऊन काशीला निघाले होते. मी दोन दिवस पुस्तकात घालवून त्यांना असे गोल फिरून येणारे तिकीट काढून दिले की सरळ जाऊन सरळ परत येण्यापेक्षा ते स्वस्त पडले. महिन्याने ते खिडकीवर आले ते भांडायलाच. “तुमच्या तिकिटात चार तीर्थं जास्तीची निघाली,” ते म्हणाले. “आई कुठंच उतरल्याबिगर ऱ्हाईना. तुमी वाचवलं ते सगळं पंड्यांनी नेलं, वर माझंही नेलं.”

माझ्या शेजारच्या टेबलावर हमीदसाहेब बसत. संस्थानाच्या काळापासूनचे हेडक्लार्क. पोलीस ॲक्शननंतर स्टेशनातले सगळे कागद उर्दूतून इंग्रजीत गेले आणि स्टेशनभर गोंधळ माजला, तेव्हा आम्हा सगळ्यांना निभावून नेले ते त्यांनी. माझा हा नाद ते चष्म्यावरून पाहत. एकदा म्हणाले, “दिगंबरराव, किताब बहुत पढते तुम. कभी खिडकी के बाहर भी देख लिया करो, मुसाफिर उधर रहता.”

मी हसलो होतो.

मुंजाजी आला तो भर दुपारी. बोरीचा मेंढपाळ. खांद्यावर घोंगडे, आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून बोलायची सवय. मागे कडुलिंबाखाली बैलगाडी सोडलेली होती. गाडीत कडब्यावर वाकळ टाकून त्याची बायको पडून होती. गिरजा तिचे नाव. पाठीच्या कण्याला क्षय झाला होता. सरकारी डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घालून सांगितले होते, मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, पण न्याल ते आडवे झोपवून न्या. बसवले, हिसका बसला, तर पाय कायमचे जातील.

“झोपायचा डबा निगालाय म्हनं,” मुंजाजी म्हणाला. “हिच्यासाठी एक फळी द्या, माझ्यासाठी एक. पैशाचं काय न्हाई मास्तर. बकरे इकून आलोय. हिला आडवं पडता आलं म्हंजे झालं.”

परभणीच्या वाट्याला त्या डब्यातल्या दोनच फळ्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही रिकाम्या होत्या. मी पैसे घेऊन तिकीट फाडले असते तर ही हकीकत इथेच संपली असती, आणि मी ती लिहिलीही नसती.

पण ‘पैशाचं काय न्हाई’ हे वाक्य मला सहन होत नसे. मी म्हणालो, “थांबा. क्षयाच्या रोग्याला भाड्यात सूट असते. सोबत्यालाही असते.”

“नको मास्तर. हायत पैसे.”

“असले म्हणून काय झाले? सरकारने दिलेली सूट आहे. मिरजेला पैसे लागणार नाहीत का?”

मी समजावून सांगितले. डॉक्टरांचा दाखला छापील नमुन्यावर आणायचा. त्यावर शिक्का हवा. तो माझ्या हाती आला की सवलतीचे तिकीट मिळेल. गाडीतून गिरजेचा आवाज आला, “काय म्हनायलेत?”

“सूट हाय म्हनायलेत.”

“मंग घ्या की,” ती म्हणाली. “बकरे काय झाडाला लागत न्हाईत.”

दाखल्याला तीन दिवस लागले. डॉक्टर दौऱ्यावर होते, मग शिक्का असलेले कपाट बंद होते. ते तीन दिवस दोघे स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिले. तिसऱ्या दिवशी कागद आला. डॉक्टर भला माणूस होता. छापील नमुन्यात रोगाचे नाव लिहायला जेमतेम एक ओळ होती, तरी त्याने खाली आपल्या हाताने लिहिले होते: हाडाचा क्षय, खोकला नाही, इतरांना लागण होण्याची भीती नाही.

ते मी वाचले. वाचून दाखला फाईलीला लावला. सवलत दिली की दाखला कारकुनाने ठेवून घ्यायचा, हिशेब तपासणीला तो दाखवावा लागतो, असा नियम होता. मग हाताने लिहायचे कोरे तिकीट काढले. त्याच्यावर सवलतीचे कारण लिहावे लागते. मी माझ्या चांगल्या अक्षरात इंग्रजीत लिहिले, क्षयरोगी व सोबती. मनमाडपर्यंतच्या फळ्या चौदा आणि पंधरा; पुढच्यांसाठी तार केली. चौदा खालची.

हमीदसाहेब बघत होते. म्हणाले, “काग़ज़ तुम रख लिए. मरज़ का नाम उसके हात में दे दिए.”

“क़ायदा है, साहेब.”

“क़ायदा तो है,” ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

संध्याकाळी गाडी आली. मी खिडकी बंद करून फलाटावर गेलो. सहसा जात नसे. चौघांनी मिळून गिरजेला सपाट धरून डब्यात नेले आणि चौदा नंबरच्या फळीवर ठेवले. फळी लाकडी होती, गादी नव्हती. मुंजाजीने खाली घोंगडे पसरले होते. ती वर बघत म्हणाली, “हे तर आमच्या माच्यापरीस बरं हाय मास्तर. हलत न्हाई.”

“आता हललं तर गाडी हलली असं समजा,” मी म्हणालो. ती हसली. प्लॅस्टरमुळे तिला पुरते हसता येत नव्हते. मुंजाजीने मला रामराम केला. मी परत येताना वाचवलेली रक्कम मनातल्या मनात मोजत होतो. चांगली घसघशीत होती.

सव्वा महिन्याने मुंजाजी एकटाच खिडकीवर आला. मेंढरे पुतण्याच्या भरवशावर होती, ती बघायला आला होता. गिरजा मिरजेलाच होती.

“कशी आहे?” मी विचारले.

“जित्ती हाय. पाय न्हाईत आता.”

मग त्याने सांगितले. तक्रार करतोय असे त्याच्या बोलण्यात नव्हते. मेंढरू कुठे कसे हुकले हे सांगावे तसे त्याने सांगितले.

जालन्याच्या अलीकडे तिकीट तपासायला माणूस आला. त्याने तिकीट हातात घेऊन वाचले. मोठ्याने वाचले, कारण दिवा मिणमिणता होता आणि अक्षर लावत वाचावे लागत होते. माझे अक्षर चांगले असूनही. डब्यात सगळे चांगले कपडेवाले, शिकलेले लोक होते. नव्या डब्यात हौसेने निघालेले. इंग्रजी शब्द मुंजाजीला कळले नाहीत, त्यांना कळले.

“एक जन उठला, मंग दुसरा उठला. बाया लेकरायला घेऊन तिकडल्या टोकाला गेल्या. म्हनले, हिला उतरवा, न्हाईतर साखळी ओढतो. मी म्हनलं, आवो हाडाचा हाय, लागत न्हाई, डाक्टरनं लिवून देलंय. तो तिकीटवाला चांगला होता मास्तर. म्हनला, मंग दाखव, दाखला दाखव, मी ह्यायला सांगतो.”

“मग?” मी विचारले.

“म्हनलं, परभनीच्या मास्तरकडं हाय.”

त्यावर डब्यातले लोक हसले, असे तो म्हणाला. लागणारा रोग असलेल्याला झोपायच्या डब्यात घेऊ नये असा नियम आहे. तो मला पाठ होता. रोग न लागणारा असेल तर घ्यावे हेही त्यातच येते, पण त्यासाठी कागद लागतो. कागद माझ्या मागच्या कपाटात, दाभणाने ओवून, दोरीने बांधून, अगदी व्यवस्थित होता.

जालन्याला त्यांना साध्या डब्यात बसवले. “त्या डब्यातल्या लोकायनं कायबी इचारलं न्हाई,” मुंजाजी म्हणाला. “एक म्हातारा तर उठून उभा ऱ्हायला. पन जागा देऊन देऊन किती देतील? बसायपुरती. मी खाली बसलो, तिला पाठीशी घेतलं. वाकता येत न्हाई, बसता येत न्हाई. गाडीनं धक्का देला की वरडायची. मंग वरडायची बंद झाली. मनमाडात उतरवलं तवा म्हनली, पाय कुठं हायत माझे.”

मिरजेच्या डॉक्टरांना त्याने विचारले होते. रस्त्यातल्या हिसक्याने झाले, की आणायला उशीर झाला म्हणून झाले, हे आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. मला मात्र यातून सुटायला वाट नव्हती. हिसका माझा होता आणि तीन दिवसांचा उशीरही माझाच होता.

मी विचारले, “तुमच्या फळ्यांवर मग कोण झोपले?” हे का विचारले ते मला अजून सांगता येत नाही. कदाचित कुणीतरी झोपले असेल तर त्याचा राग करता येईल म्हणून.

“आवरंगाबादला मी गेलतो मागं त्या डब्यात. घोंगडं ऱ्हायलं होतं तिथं. वरच्या फळीवर एक जन चढून झोपला होता. खालची रिकामी. घोंगड्याला बी कुनी हात लावला नव्हता.”

मग तो खरे काम काय ते बोलला. पुढच्या महिन्यात गिरजेला घरी आणायचे होते. “मनमाडाहून इकडं यायच्या फळ्या तुमी तार करून ठिवता का? तिकीट मी तिकडं काढीन. पन एक सांगा मास्तर, तुमाला समदं म्हाईत हाय. तिथल्या मास्तरला काय म्हनू, म्हंजे ते कागदावर बिमारी लिवनार न्हाईत? मला पुऱ्या पैशाचं पाह्यजे.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला सगळ्यांत महाग भाड्याचा रस्ता विचारत होते. मी म्हणालो, “काही म्हणू नका. नुसते पैसे द्या.”

“सूट हाय म्हनले तर?”

“नको म्हणा.”

तो दोनदा पुटपुटून पाठ करत गेला. “नको म्हनायचं. नुसते पैसे द्यायचे.” त्याने पहिल्या दिवशी मला हेच सांगितले होते.

तो गेल्यावर हमीदसाहेबांनी कपाट उघडले, ती फाईल काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि चहाला निघून गेले. मी दाखला काढून पुन्हा वाचला. मग नकलेच्या कागदावर तो शब्दाला शब्द उतरवला, खाली सही-शिक्का केला आणि मिरजेच्या पत्त्यावर टपालात टाकला. तेव्हापासून प्रत्येक दाखल्याची नक्कल मी रोग्याच्या हातात देत आलो. असे करा म्हणणारा नियम नव्हता. करू नका म्हणणाराही नव्हता. पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून वाचून काढले होते. नक्कल देऊ नका म्हणणारा नियम पहिल्या दिवशीही नव्हताच.

नक्कल त्यांना वापरावी लागली नाही. पुऱ्या भाड्याच्या तिकिटाने ती दोघे परत आली, कुणी काही विचारले नाही. फलाटावर तिला उतरवताना मी होतो. गिरजेने मला ओळखले. म्हणाली, “ह्या येळंला झोपून आले बघा मास्तर.” तिच्या आवाजात कसलाच टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी वर तक्रार लिहिली, निदान चौदा नंबरच्या फळीचे पैसे परत मिळावेत अशी. उत्तर आले की सदर फळी वापरली गेली नाही याचा पुरावा आढळत नाही. ते बरोबरच होते. वर्षभराने त्याच पुढाऱ्यांनी दुसऱ्या एका फलाटावर दुसऱ्या एका डब्याला हार घालताना सांगितले की परभणीच्या फळ्या रोज भरून जातात, गोरगरीब सुखाने झोपून प्रवास करतात आणि याचे आकडे आपल्याजवळ आहेत. तेही बरोबर होते. आकडे दर महिन्याला स्टेशनातून तक्ता भरून जात, आणि विकलेली फळी तक्त्यात भरलेली धरायची असा नियम होता. त्या महिन्याच्या तक्त्यात चौदा नंबरची फळी भरलेली आहे. तो तक्ता मी भरला होता.